बादलीभर हवेचा पुरावा

कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणाऱ्यांना वास येतो तो बहुतेक रात्री. तक्रार केली तर निरीक्षक दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वेळेत येतो. तोवर वारा फिरलेला असतो आणि अहवालात 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो. प्रदूषणाबाबत लोक, कारखाना आणि सरकार यांच्यातल्या आजच्या भागीदाऱ्यांचं मूळ या काही तासांच्या फरकात आहे. लोकांनी स्वतः बादलीत हवेचा नमुना घेणंही त्यातूनच आलं.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमधल्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. टाकीत काय साठवलं आहे आणि ते सुटलं तर काय करायचं, हे भोवतीच्या वस्त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर अमेरिकेत १९८६ साली कायदा झाला आणि कोणतं विषारी रसायन किती बाहेर सोडलं, हे कंपन्यांना दरवर्षी जाहीर करणं भाग पडलं. ही मोठी पायरी होती. पण यातले बरेच आकडे कंपनीने स्वतःच अंदाजाने काढलेले, शिवाय वर्षभराचे. काल रात्री शेजारच्या घरात काय शिरलं, ते त्यातून कळत नाही. भारतात १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमले. त्यांचा भर अपघातावर. रोज थोडं थोडं छातीत जाणारं विष त्यांच्या कक्षेत नीट बसत नाही.

१९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रोडिओ गावच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून १६ दिवस रसायन गळत राहिलं. पुढच्या वर्षी रहिवाशांचे वकील एडवर्ड मॅसरी यांनी एका अभियांत्रिकी कंपनीकडून हवेचा नमुना घेण्याचं स्वस्त साधन बनवून घेतलं. पुढे कार्यकर्त्यांनी ते आणखी सोपं केलं आणि गावोगावी नेलं.

साधन म्हणजे घट्ट झाकणाची, साधारण १९ लिटरची प्लास्टिकची बादली. आत टेडलर नावाच्या प्लास्टिक फिल्मची पिशवी, तिचं तोंड झाकणातून व्हॉल्व्हने बाहेर काढलेलं. छोट्या व्हॅक्यूम पंपाने पिशवीतली नव्हे, तर पिशवीभोवतीची हवा ओढायची. बादलीत दाब घटतो, व्हॉल्व्ह उघडला की बाहेरची हवा आपोआप पिशवीत शिरते. हवा पंपातून जातच नाही, म्हणून पंपातला तेलकटपणा नमुन्यात मिसळत नाही. पिशवी काही मिनिटांत भरते. पुढे प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने तीत कोणती रसायनं किती आहेत ते काढतात.

चुका होतात त्या अगदी साध्या. झाकणाची कड नीट बसली नाही तर पिशवी फुगत नाही. जवळ मोटारसायकल चालू असेल किंवा कुणी विडी ओढत असेल तर बेन्झीन हे विषारी रसायन तिथूनच येतं. पिशवी उन्हात राहिली तर आतली रसायनं बदलतात. हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकाचे वायू पिशवीत टिकत नाहीत, त्यामुळे त्यांची तपासणी २४ तासांत उरकावी लागते. टेडलरमधून फिनॉल आणि डायमिथाइल ॲसेटामाइड हे स्वतःच झिरपतात. म्हणूनच शुद्ध नायट्रोजन भरलेली एक कोरी पिशवीही सोबत पाठवायची, नाहीतर कंपनीचा तज्ज्ञ पहिला वार तिथेच करतो. नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला, याची सहीनिशी नोंद हवी.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या नॉर्को गावच्या डायमंड वस्तीने या बादलीच्या आधारे शेल या तेल कंपनीच्या कारखान्याविरुद्ध आवाज उठवला. वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर २००२ मध्ये कंपनीने वस्तीच्या चारही गल्ल्यांतली घरं विकत घेण्याची तयारी दाखवली. लढ्याच्या नेत्या मार्जी रिचर्ड यांना २००४ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

करार करून एकत्र राहण्याची वाटही याच काळात रुळली. अमेरिकेच्याच मोंटाना राज्यातल्या स्टिलवॉटर खाणीशी रहिवाशांनी २००० मध्ये केलेला 'चांगल्या शेजाऱ्याचा करार' आम्हाला सर्वांत भक्कम वाटतो. तो कायद्याने बंधनकारक आहे आणि लोकांच्या बाजूच्या तांत्रिक सल्लागारांचा खर्च कंपनी उचलते. नुसत्या सद्भावनेच्या बैठका व्यवस्थापक बदलला की बंद पडतात. २००५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने केअर नावाची अनुदान योजना आणली. पहिल्या टप्प्यात वस्तीने आपल्या भागातल्या विषारी स्रोतांची यादी करून त्यांचा क्रम लावायचा, दुसऱ्या टप्प्यात त्यावर काम करायचं. क्रम वस्तीने लावायचा, हे त्या योजनेचं खरं वैशिष्ट्य होतं.

बादली २००४ पर्यंत तमिळनाडूतल्या कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत पोचली होती. तिथल्या गावकऱ्यांनी बादलीइतकीच वासाची वहीही नेटाने चालवली: तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, वास कशासारखा, डोळे चुरचुरले की घसा धरला. या वहीमुळेच नमुना नेमका केव्हा घ्यायचा ते ठरवता येतं.

भारताच्या २००९ च्या हवा मानकांत १२ प्रदूषक आहेत. बादलीत सापडणाऱ्या बाष्पशील (सहज वाफ होणाऱ्या) सेंद्रिय रसायनांपैकी त्यांत फक्त बेन्झीन आहे. त्याची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, आणि तीही वार्षिक सरासरी. काही मिनिटांच्या नमुन्याची तिच्याशी थेट तुलना करता येत नाही. म्हणून कारखान्याशी किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलायला बसताना पिशवीच्या अहवालाला निदान वर्षभराच्या वहीची जोड लागते.