हे उचलणार कोण? तंबूतल्या चुलीची पार्श्वभूमी

नोव्हेंबरात आम्ही कागदावर काढलेली एक चूल घेऊन ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या पत्र्याचं काम करणाऱ्या काकांकडे गेलो. डिसेंबरअखेर हिमाचलच्या जंगलात चार रात्री काढायच्या होत्या आणि या वेळी तंबू आतून गरम ठेवायचाच, असं ग्रुपमधल्या तिघांनी ठरवलं होतं. काकांनी कागद उलटसुलट पाहिला. किती गेजचा पत्रा, कडा वाकवायच्या की वेल्ड करायच्या, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी म्हणाले, "हे उचलणार कोण? गाडीतून नेणार की पाठीवर?"

तंबूतल्या चुलीचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे बहुतांशी याच प्रश्नाची वेगवेगळ्या लोकांनी शोधलेली उत्तरं आहेत.

ठाण्यात राहणाऱ्याला हा विषय लांबचा वाटणं साहजिक आहे. येऊरच्या पायथ्याशी जानेवारीतही एका पांघरुणावर भागतं, आणि वर राष्ट्रीय उद्यानात आग पेटवायला बंदीच आहे. पण यातलं तत्त्व आपल्या न्हाणीघरातलं आहे. ज्यांनी लहानपणी तांब्याचा बंब पेटवलाय त्यांना ते सांगावं लागणार नाही. खाली जाळी, मधून नळकांडं, भोवती पाणी. नळकांड्यातली हवा तापून हलकी होते, वर जाते, आणि जाळीतून नवी हवा आत ओढून घेते. ही ओढ चांगली असेल तर घरात धूर होत नाही. तंबूतली चूलही अशीच चालते, फक्त भोवती पाण्याऐवजी थंडीने आखडलेली माणसं असतात.

उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या आदिवासींच्या तिपीत, म्हणजे कातड्याच्या शंकूसारख्या तंबूत, धुरांडं नव्हतं. जाळ मधोमध आणि वर कातड्याचे दोन पंख, वारा फिरेल तसे काठीने वळवायचे. टेक्सासमध्ये नेमणुकीवर असताना अमेरिकन लष्करातला अधिकारी हेन्री हॉपकिन्स सिब्ली याने ही रचना पाहिली आणि १८५६ साली मधोमध एकच खांब असलेल्या शंकूसारख्या तंबूचं पेटंट घेतलं. डझनभर शिपाई खांबाकडे पाय करून गोल झोपत. त्यासोबत त्याची चूलही आली. पातळ लोखंडी पत्र्याचा तळ नसलेला शंकू, सरळ जमिनीवर ठेवायचा, वर पाइप. तळ नाही म्हणजे पत्रा कमी लागतो, आणि असे शंकू एकात एक घालून बैलगाडीत रचता येतात. डोकेबाज माणूस होता. पुढे यादवी युद्धात तो दक्षिणेकडून लढला.

पण त्याचा तंबू गाडीशिवाय हलत नव्हता. युद्धात फौजा वेगाने फिरू लागल्या, गाड्या कमी पडू लागल्या, आणि १८६२ च्या सुमारास शिपायांच्या पाठीवर छोटं कापडी छप्पर आलं. त्यात चुलीला जागाच नव्हती. सिब्लीची चूल संपली मात्र नाही. स्थिर छावण्यांमध्ये ती राहिली आणि तिची सुधारलेली रूपं अमेरिकन लष्कर दुसऱ्या महायुद्धातही वापरत होतं.

दुसरं उत्तर घसरगाडीचं. कॅनडाच्या उत्तरेत क्री आणि इनू लोक कापडी तंबू आणि पत्र्याची चूल लाकडी घसरगाडीवर बांधून हिवाळाभर हिंडत. बर्फावर ओढायचं ओझं पाठीवरच्या ओझ्यापेक्षा कितीतरी जास्त चालतं, म्हणून त्यांच्या चुली चांगल्या ऐसपैस. आज ज्याला 'हॉट टेंट' (आत चूल पेटवलेला तंबू) म्हणतात त्याची खरी परंपरा या लोकांची आहे, लष्कराची नव्हे, असं माझं ठाम मत आहे. बर्फात तंबू कुठे लावायचा, खाली फांद्या कशा अंथरायच्या, वाळलेलं उभं लाकूड कसं ओळखायचं, हे सगळं ज्ञान त्यांचं.

मग क्लोंडाइकची सोन्यासाठीची धाव. १८९६ मध्ये कॅनडाच्या वायव्येकडच्या युकॉनमध्ये सोनं सापडलं आणि पुढच्या हिवाळ्यात हजारो माणसं तिकडे जायच्या वाटेवरच्या चिल्कूट खिंडीवर चढली. कॅनडाच्या घोडदळ पोलिसांनी वर्षभराची शिधासामग्री असल्याशिवाय पुढे सोडायचं नाही असा नियम केला. अवजारं, तंबू धरून एकेकाचं सामान जवळपास टनभर भरे. ते पाठीवर थोडं थोडं करत, त्याच चढावर पुन्हा पुन्हा जाऊन वाहायचं. त्या यादीत पत्र्याची 'युकॉन चूल' असायची. चौकोनी पेटी, वर भांडं ठेवायला सपाट जागा, एकात एक शिरणारे पाइपचे तुकडे. आज बाजारात दिसणारी जवळजवळ प्रत्येक तंबूतली चूल त्याच पेटीची वंशज आहे.

आपल्याकडे हिमालय असूनही ही परंपरा का रुजली नाही? घरात रुजली. काश्मीर-लडाखची बुखारी, किन्नौर-स्पितीत खोलीच्या मधोमध असलेला पत्र्याचा तंदूर, दोन्ही पाइप लावलेल्या चुलीच. पण गिर्यारोहण मोहिमा झाडांच्या रेषेच्या वर जात, आणि पश्चिम हिमालयात साधारण साडेतीन हजार मीटरच्या आसपास झाडं संपतात. तिथे लाकूड आणणार कुठून? १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये लिंडक्विस्टने रॉकेलचा प्रायमस तयार केला, तोच आपल्या स्वयंपाकघरात 'स्टोव्ह' म्हणून पोचला आणि हिमालयातही गेला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही वितळवलेल्या बर्फाचं पाणी प्रायमसवरच होत होतं. त्याने माणसाला चहा मिळाला, तंबूला ऊब नाही.

आता पुन्हा काकांच्या कागदाकडे येतो, कारण शेवटची उडी तिथेच समजली. आमची पेटी ३० बाय २० बाय २० सेंटिमीटरची. सगळ्या बाजू मिळून ०.३२ चौरस मीटर पत्रा. २४ गेज म्हणजे साधारण ०.६ मिलिमीटर धरला तर स्टीलमध्ये दीड किलो, टायटॅनियममध्ये सुमारे ८६० ग्रॅम, कारण स्टीलची घनता ७.८५ आणि टायटॅनियमची ४.५. मग पाइपचा हिशेब केला. सहा सेंटिमीटर व्यासाचा, दोन मीटर लांब. त्याच पत्र्याचा केला तर पावणेदोन किलो! धुरांडं चुलीपेक्षा जड. इतकी वर्षं सगळे पेटी हलकी करायच्या मागे होते आणि वजन पाइपात होतं.

गेल्या दोन-तीन दशकांत हे सुटलं ते फॉइलमुळे. ०.१ मिलिमीटर जाडीचा पातळ पत्रा, प्रवासात पट्टीसारखा गुंडाळून ठेवायचा, मुक्कामाला उभा वळवून नळी करायची आणि वर कड्या सरकवायच्या. एकदा तापला की ते वळण त्याच्या अंगी राहतं. टायटॅनियमचा असा पाइप १७० ग्रॅम भरतो, स्टेनलेसचा ३०० च्या आत. फरक सव्वाशे ग्रॅमचा, किमतीत मात्र बराच. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: पैसे मोजायचेच तर आधी फॉइलच्या पाइपसाठी मोजा, टायटॅनियमच्या पेटीसाठी नंतर.

हलकेपणाची किंमतही आहे. जाड लोखंड उष्णता धरून ठेवतं. पातळ पेटी पाच मिनिटांत तापते आणि जाळ विझला की तेवढ्याच लवकर गार होते. बारा लिटरच्या पेटीत लाकूड अर्धा-पाऊण तास पुरतं. रात्रभर ऊब हवी तर कुणीतरी जागं राहायला हवं. आम्ही झोपण्यापूर्वीचे दोन तास आणि पहाटेचा एक, एवढ्यापुरतीच चूल धरली, आणि जाळ पूर्ण विझल्याशिवाय झोपायचं नाही हे पक्कं ठरवलं. जाळातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. तंबूच्या खाली आणि वर हवा खेळती हवीच.

कापडही बदललं आहे. क्री लोकांचं सुती कापड ठिणगीने करपतं, आजचं नायलॉन वितळतं, तेही साधारण २२० ते २६० अंशांत. पाइप जिथून बाहेर पडतो तिथे काचतंतूच्या कापडाचं ठिगळ आणि पाइपच्या तोंडाला ठिणग्या अडवणारी जाळी, यावर तडजोड नाही.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याच जाहिरातीत नसते. स्वस्त म्हणून कुणी जीआय (गॅल्व्हनाइझ्ड) पत्रा सुचवेल, तो घेऊ नका. त्यावर जस्ताचा थर असतो, तो ४१९ अंशांना वितळतो, चुलीत त्याचा धूर होतो आणि बंद जागेत तो नाकात गेला की थंडी वाजून ताप येतो. त्यांनी तरुणपणी वेल्डिंग करताना तो ताप काढला होता.

लाकडाचा प्रश्न मात्र पत्र्याने सुटत नाही. विमानात गॅसचं काडतूस चालत नाही, रेल्वेत रॉकेल चालत नाही, म्हणून ठाण्याहून निघणाऱ्याला लाकडाची चूल सोयीची वाटते, हे खरं. पण ज्या डोंगरांत आपण जातो तिथल्या बायका रोज मैलभर चालून सरपण आणतात. १९७४ मध्ये आजच्या उत्तराखंडातल्या रेणी गावात गौरादेवी आणि तिच्या सोबतिणी झाडांना बिलगल्या, त्या अशाच जंगलासाठी. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला. म्हणून आम्ही वनखात्याची परवानगी आधी काढली, झाडांच्या रेषेखालीच राहायचं ठरवलं आणि सरपण गावातून विकत घ्यायचं ठरवलं, शक्यतो बांजाचं, म्हणजे हिमालयातल्या ओकचं. देवदार-चीड राळेमुळे भरकन जळतात आणि पाइपात काजळी धरतात.

शेवटी पेटी स्टेनलेसची, २४ गेजची झाली. पाइप फॉइलचा. पाय, दार आणि झडप धरून काकांनी काट्यावर ठेवली: २ किलो १५० ग्रॅम. मग त्यांच्या शेडमागे आंब्याच्या वाळक्या फांद्या घालून पेटवली. पहिल्या दहा मिनिटांत फॉइल आधी पिवळं, मग निळं झालं आणि धूर सरळ वर गेला. काकांनी झडप दोनदा उघडून-मिटून पाहिली आणि म्हणाले, "आता वाटून घ्या." पेटी एकाच्या सॅकमध्ये, पाइप दुसऱ्याच्या, करवत तिसऱ्याच्या.