घरातला फोन: कोपऱ्यातून खिशात

घरात नवी वस्तू आली की माणसांचे आपसातले अधिकारही थोडे सरकतात. रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर, सगळ्यांनी हे केलं. पण फोनमुळे जेवढी उलथापालथ झाली तेवढी दुसऱ्या कशानेच नाही.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ मध्ये. सुरुवातीची बरीच वर्षं फोन उचलला की ऑपरेटर बोलायची आणि आपण नाव किंवा नंबर सांगायचा. अनेक ठिकाणी एकाच तारेवर चार-पाच घरं असत, त्यामुळे शेजारच्यांनी रिसीव्हर हळूच उचलून ऐकणं सर्रास चालायचं. ऑपरेटरला फाटा देणारं यंत्र शोधलं अल्मन स्ट्राउजर यांनी, पेटंट १८९१चं. हे गृहस्थ अंत्यसंस्काराचा व्यवसाय करायचे. आपल्याला आलेले कॉल ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्यांना संशय होता म्हणे. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, यंत्र मात्र चाललं.

त्यातूनच पुढे तबकडीचा फोन घरोघरी गेला. नऊच्या भोकात बोट घालून तबकडी अडेपर्यंत फिरवायची आणि सोडून द्यायची. परत येताना ती तारेतला प्रवाह नऊ वेळा तोडायची आणि एक्स्चेंजमधलं यंत्र ते ठोके मोजायचं. शून्याला दहा ठोके. त्यामुळे मोठे आकडे असलेला नंबर लावायला खरोखरच जास्त वेळ लागे. १९४७ मध्ये अमेरिकेत विभागांचे कोड ठरले तेव्हा न्यूयॉर्कला २१२ मिळाला, म्हणजे जेमतेम पाच ठोके.

आजी-आजोबांच्या पिढीचा फोन हा असा. तो घराचा होता, कुणा एकाचा नव्हे. जागा ठरलेली, वायर आखूड, आणि बोलणं सगळ्यांच्या कानावर पडणारं. कुणाचा फोन आला, किती वेळ चालला, हे मोठ्यांना आपोआप कळायचं. तरुण मुलामुलींना याचा काच किती झाला असेल, ते वेगळं सांगायला नको.

बटणांचा फोन अमेरिकेत १९६३ मध्ये आला. बेल लॅब्ज या तिथल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने बटणांच्या अनेक मांडण्या लोकांकडून वापरून घेतल्या आणि १-२-३ वर ठेवणारी मांडणी निवडली. कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वर असतात. दोन्ही एकाच टेबलावर ठेवून आपण वर्षानुवर्षं वापरतो आणि फरक सहसा लक्षातही येत नाही.

३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनने पहिला कॉल केला, तोही बेल लॅब्जमधल्या प्रतिस्पर्ध्याला! बाजारात तसा फोन यायला आणखी दहा वर्षं लागली. डिसेंबर १९९२ मध्ये पहिला एसएमएस गेला आणि हळूहळू आवाज न करताही फोनवर बोलता येऊ लागलं. माझ्या मते घरातली खरी फाळणी इथे झाली. नंबर माणसाचा झाला, बोलणं कानाआड गेलं, आणि फोन कुणाचा होता हे आता विचारावं लागतं.

शिकवण्याची दिशा मात्र उलटली ती २००७ मधल्या आयफोननंतर, बटणं काचेवर आली तेव्हा. तबकडी बघूनच तिचं काय करायचं ते कळायचं. काचेवरचं बटण आज आहे, अपडेटनंतर दुसरीकडे असेल. नातवंडांना हे सवयीचं. आजोबा चुकले की ‘अहो, असं नाही’ ऐकावं लागतं. यात आजोबांचं डोकं चालत नाही असं मुळीच नाही.

जुनाच फोन बरा, असं आजोबा म्हणतात तेव्हा एका बाबतीत तर त्यांचंच बरोबर आहे. तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून यायची, म्हणून घरातले दिवे गेले तरी तो चालायचा. इंटरनेटवरून चालणारा घरचा फोन राउटरसोबत बंद पडतो. ब्रिटनमध्ये जुनं जाळं बंद करण्याची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलावी लागली, त्यामागे घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणीबाणीची घंटा त्याच तारेवर चालते, हे एक मोठं कारण होतं.