मारेकऱ्याचं नाव आणि नकलेची लागण

पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात १० खून पडले. मारेकरी टिळक रस्त्यावरच्या एका कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यातल्या चौघांना १९८३च्या नोव्हेंबरात येरवड्यात फाशी झाली. त्यांची नावं त्या पिढीला ठाऊक आहेत, पण प्रकरण ओळखलं जातं ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ म्हणून. म्हणजे मेलेल्यांच्या आडनावांनी. असं कुणी ठरवलं नव्हतं, ते आपोआप रूढ झालं. (त्यातही १० पैकी ७ जणच मावले. दोन तरुण आणि अभ्यंकरांच्या घरी कामाला असलेल्या वृद्ध बाई त्या नावाबाहेरच राहिल्या.)

एरवी उलटं होतं. मेलेल्यांचा आकडा उरतो आणि मारणाऱ्याचं लहानपण, चेहरा, चष्मा सगळं आपल्याला तोंडपाठ होतं. ‘घटं भिन्द्यात् पटं छिन्द्यात् कुर्याद्रासभरोहणम्’ हे सुभाषित शाळेत हसत हसत म्हटलं जातं. मडकी फोडा, कपडे फाडा, गाढवावर बसा, पण येन केन प्रकारेण प्रसिद्ध व्हा. इ.स.पू. ३५६ मध्ये एका माणसाने ते फारच मनावर घेतलं. नाव अजरामर व्हावं म्हणून त्याने इफेसस या प्राचीन ग्रीक शहरातलं आर्टेमिस देवीचं भव्य मंदिर जाळलं. शहराने त्याचं नाव उच्चारायलाच बंदी केली. थिओपॉम्पस या इतिहासकाराने ते तरीही लिहून ठेवलं, आणि ते आजवर टिकलं आहे.

मग मारेकऱ्याचं नाव माध्यमांनी घेऊच नये, म्हणजे कुणी त्याची नक्कल करणार नाही, हा आग्रह फोल म्हणायचा का? त्यासाठी नक्कल कशी होते ते पाहायला हवं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६५ मध्ये लहान मुलांना एक चित्रफीत दाखवली. तीत एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बडवत होता. काही मुलांना शेवटी त्याला शाबासकी मिळताना दिसली, काहींना शिक्षा होताना. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी त्याची नक्कल कमी केली. पण ‘त्याने काय केलं ते करून दाखवा, बक्षीस देऊ’ म्हटल्यावर त्यांनीही बाकीच्यांइतकंच बिनचूक करून दाखवलं. शिकली सगळीच होती, फक्त काहींनी ते राखून ठेवलं होतं. गुन्हेगाराला शेवटी बेड्या पडलेल्या दाखवल्या की झालं, असं मानणाऱ्यांनी हा प्रयोग डोळ्यांसमोर ठेवावा. बेड्यांचं दृश्य पाहणाऱ्यालाही आधीची सगळी कृती शिकवून झालेली असते. आणि ज्याला कुणीच ओळखत नाही, त्याला ते कॅमेरेच बक्षीस वाटू शकतात.

बातमीच्या लागणीचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र खुनांचा नाही, आत्महत्यांचा आहे. व्हिएन्नाची मेट्रो १९७८ मध्ये सुरू झाली. पुढच्या दशकात तिथल्या आत्महत्या वाढल्या आणि वृत्तपत्रं त्या तपशिलांसह, नाट्यमय मथळ्यांखाली छापत होती. १९८७च्या मध्यावर तज्ज्ञांनी संपादकांना विनंती केली: मथळे भडक नकोत, पद्धतीचं वर्णन नको, कारणांचं सुलभीकरण नको. त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीच्या तुलनेत दुसऱ्या सहामाहीत मेट्रोतल्या आत्महत्या आणि तसे प्रयत्न ८० टक्क्यांहून अधिक घटले.

खुनांबाबत आकडे इतके निर्विवाद नाहीत. अमेरिकेतल्या शेरी टॉवर्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये लागण मोजणारं गणित सामूहिक हत्या आणि शाळांमधले गोळीबार यांना लावलं. एका घटनेनंतर सरासरी १३ दिवस दुसरीची शक्यता वाढलेली राहते, असं त्यांना आढळलं. (आपल्या तेराव्याशी हा आकडा जुळतो, तो निव्वळ योगायोग.) इतर संशोधकांनी वेगळ्या पद्धतीने पडताळणी केली, तेव्हा तसा ठळक परिणाम दिसला नाही. त्यामुळे ‘नाव छापलं की पुढचा खून पडतो’ असं सरळ समीकरण मांडणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. मारेकऱ्यांपैकी बहुतेकांना प्रसिद्धीची हाव नसतेच. सूड, द्वेष, पैसा ही जुनी कारणं पुरेशी असतात.

पण ज्यांना ती हाव असते, त्यांची साखळी दिसते. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी एकाने ७७ जणांना मारलं. १५ मार्च २०१९ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांचा बळी घेणाऱ्याने आपल्या लेखी जाहीरनाम्यात त्याचं ऋण मान्य केलं. त्याच वर्षी ऑगस्टात टेक्सासमधल्या एल पासोच्या आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या हल्लेखोराने क्राइस्टचर्चचं नाव घेतलं.

क्राइस्टचर्चच्या हल्ल्यानंतर न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी तर चारच दिवसांत संसदेत सांगितलं होतं, की मी त्याचं नाव कधीच घेणार नाही. मग गळती कुठे झाली? हल्ल्याचं थेट प्रक्षेपण चालू असताना ते २०० पेक्षा कमी लोक पाहत होते. पुढच्या २४ तासांत फेसबुकला त्याच्या १५ लाख प्रती काढाव्या किंवा अडवाव्या लागल्या. त्या चढवणाऱ्यांत सामान्य माणसंही होती, आणि त्यातल्या अनेकांना ‘बघा काय भयंकर’ एवढंच म्हणायचं असणार. नाव न घेणं बरोबरच होतं, पण लागण पसरवणारी मोठी वस्तू ती चित्रफीत आणि तो जाहीरनामा होता. न्यूझीलंडने दोन्हींवर बंदी घातली. तिथल्या प्रमुख माध्यमांनीही खटल्याच्या बातम्यांत त्याच्या विचारांचा प्रचार होऊ द्यायचा नाही, असं आपसांत ठरवलं.

फरार माणसाचं नाव आणि फोटो छापलेच पाहिजेत, खटल्याच्या नोंदीतही ते हवेत. संशोधकांना तर मारेकऱ्याचं आयुष्य तपासल्यावाचून पुढचा धोका ओळखता येणार नाही. अमेरिकेतल्या शंभराहून अधिक अभ्यासकांनी २०१७ मध्ये माध्यमांना लिहिलेलं खुलं पत्र म्हणूनच मला शहाणपणाचं वाटतं. नाव आणि चेहरा वगळा, बाकी सगळं हवं तेवढं सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं.

क्राइस्टचर्च खटल्यात शिक्षेची सुनावणी ऑगस्ट २०२० मध्ये चार दिवस चालली. वाचलेले आणि गेलेल्यांचे नातलग मिळून ९०च्या आसपास लोकांचं म्हणणं न्यायालयाने ऐकलं. कुणी रडलं, कुणी आपल्या माणसाचे फोटो दाखवले, कुणी क्षमा केली. बोलायची संधी मारेकऱ्यालाही होती. तो काही बोलला नाही.