बारोलोचा रंग फिका का?

रेड वाइनबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे: रंग जितका गडद, तितकी वाइन भारी. ग्लास दिव्यासमोर धरायचा आणि पलीकडचं दिसलं की ‘पाणचट आहे’ म्हणून मोकळं व्हायचं. या परीक्षेत इटलीची सर्वांत मानाची वाइन, बारोलो, सपशेल नापास होईल. ग्लास तिरपा करून छापील कागदावर धरला तर तिच्या आरपार मजकूर वाचता येतो. मध्ये डाळिंबी लाल, कडेला विटकरी आणि वाइन जुनी असेल तर कडेला चक्क नारिंगी झाक. पण तिच्यात निदान १३ टक्के अल्कोहोल असलंच पाहिजे असा नियम आहे आणि पहिल्या घोटातच हिरड्या, गाल, जीभ सगळं आखडून येतं. दिसायला इतकी फिकी वाइन इतकी तुरट कशी?

आधी जागा पाहू. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात पिएमोन्ते हा प्रांत आहे. आल्प्स आणि अपेनाइन्स पर्वतांनी त्याला तीन बाजूंनी घेरलंय. प्रांताच्या दक्षिण भागात तानारो नदीकाठी आल्बा हे शहर आहे आणि त्याच्या आजूबाजूला लांगेच्या टेकड्या. यातल्या ११ गावांच्या हद्दीत, ठरलेल्या उतारांवर पिकलेल्या फक्त नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनलाच बारोलो म्हणता येतं. (बारामतीत कारखाना असलेली फेरेरो ही चॉकलेट कंपनी मूळची याच आल्बाची. दुसऱ्या महायुद्धानंतर कोको मिळेना, तेव्हा तिने या टेकड्यांवरच्या हेझलनटांचा आधार घेतला.)

नेब्बिओलो ही जात आपल्या बागायतदाराला नकोशी वाटेल. फुटते सगळ्यांच्या आधी, पिकते सगळ्यांच्या शेवटी. काडीच्या बुडाकडचे पहिले दोन-तीन डोळे घड देत नाहीत, म्हणून काडी लांब ठेवावी लागते. शेजारच्या दोल्चेत्तो जातीची तोडणी सप्टेंबरात उरकते, मग बार्बेराची, आणि नेब्बिओलो ऑक्टोबरच्या मध्याला वेलीवरच असते. नाशिककडे ऑक्टोबर छाटणी चालू असते तेव्हा इकडे शेवटचे घड उन्हाची वाट पाहत असतात.

ऊन मात्र तोवर उतरलेलं असतं. बारोलो गाव साधारण ४४.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १५ ऑक्टोबरला तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३७ अंशांवर येतो. शाळेतली त्रिकोणमिती लावली तर सपाट जमिनीला सरळ पडणाऱ्या उन्हाच्या ६० टक्केच ऊन मिळतं. तीच जमीन दक्षिणेकडे १५ अंश कललेली असेल तर ७९ टक्के, आणि उत्तरेकडे तितकीच कललेली असेल तर ३७ टक्के. म्हणजे एकाच टेकडीच्या दोन बाजूंत दुपटीहून अधिक फरक. थेट उत्तराभिमुख उतार बारोलोच्या नियमांतून वगळले आहेत, ते यामुळेच. नाशिक २० अंशांवर आहे. तिथे फेब्रुवारीच्या मध्यावर सपाट रानातही दुपारी ८४ टक्के ऊन मिळतं, त्यामुळे उतार शोधत फिरण्याची वेळ आपल्यावर येत नाही.

जमिनीबद्दल थोडक्यात. या टेकड्या जुन्या समुद्रतळाचा चुनखडीयुक्त गाळ आणि वाळूचा खडक यांच्या आहेत. लांगियन, सेरावालियन आणि टोर्टोनियन या भूशास्त्रीय कालखंडांची नावंही याच प्रांतातून आली आहेत. माती पाणी किती धरते, वेलीला किती ताण देते, याने द्राक्षात फरक पडतो. पण ‘घोटात खडकाची चव लागते’ वगैरे जे लिहिलं जातं, ते मनावर घेऊ नये. मुळं खडक शोषत नाहीत, पाण्यात विरघळलेले क्षार शोषतात, तेही इतके थोडे की जिभेला कळू नयेत.

आता रंगाकडे. काळं द्राक्ष चिमटीत धरून दाबलं तर बहुतेक जातींत रस जवळजवळ बिनरंगाचाच निघतो. रंग सगळा सालीत असतो, आणि मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागला, की तिथे जमू लागतो. ही रंगद्रव्यं म्हणजे अँथोसायनिन. त्यांचा सांगाडा एकच: एकमेकींना चिकटलेल्या दोन कड्या आणि बाजूला जोडलेली तिसरी. सगळी गंमत या तिसऱ्या कडीत आहे. तिच्या एका ठरावीक जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, नेहमीच असतो. त्याच्या डाव्या-उजव्या शेजारच्या जागांवर काय बसवायचं हे वेलीतले एन्झाइम ठरवतात. एक एन्झाइम फक्त एका बाजूला नवा हायड्रॉक्सिल गट बसवतो, दुसरा दोन्ही बाजूंना. त्यानंतर तिसरा एन्झाइम येऊन या नव्या गटांवर मिथाइलची टोपी चढवतो.

दोन्ही बाजूंना गट आणि दोन्हींवर टोप्या, असा रेणू म्हणजे माल्विडिन. तो जांभळट आणि टिकाऊ असतो. कॅबर्ने, शिराज, बार्बेरा अशा बहुतेक गडद जातींत त्याचंच प्रमाण जास्त. नेब्बिओलोत पहिल्या एन्झाइमचा जोर असतो, त्यामुळे एकाच बाजूला गट असलेले रेणू जास्त बनतात. टोपी चढली तर पिओनिडिन, नाही चढली तर सायनिडिन. दोघांचीही झाक जांभळ्यापेक्षा लालकडे जाणारी.

सायनिडिनची अडचण अशी की त्याच्या कडीवर दोन उघडे हायड्रॉक्सिल गट शेजारीशेजारी असतात. अशी जोडी ऑक्सिजनपुढे टिकत नाही. द्राक्षं चिरडली की चिरलेलं वांगं काळं पाडणाऱ्या एन्झाइमचाच भाऊबंद रसात मोकळा होतो. तो रसातल्या काफ्टॅरिक आम्लाचं क्विनोन करतो आणि हे क्विनोन सायनिडिनकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतं. त्यातच एकाच बाजूला गट असलेले रेणू सालीतून लवकर सुटतात, म्हणजे नेमके रसात हवा आणि एन्झाइम दोन्ही भरपूर असताना. पहिल्या काही दिवसांतच बराचसा रंग बिघडून जातो. मुळात नेब्बिओलोच्या सालीत अँथोसायनिन बार्बेराहून कमी, त्यात ही गळती.

इथे आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. वाइनच्या आम्लतेला, म्हणजे साधारण ३.५ पीएचला, सुट्या अँथोसायनिनचे बहुतांश रेणू लाल नसतातच. पाण्याचा रेणू चिकटून ते रंगहीन झालेले असतात. ग्लासात दिसतो तो उरलेल्या थोड्यांचा रंग. टॅनिन या तुरट द्रव्यांशी जोडी जमलेले रेणू मात्र सहजी रंग सोडत नाहीत. आणि आम्ल जितकं जास्त तितके लाल राहणारे रेणूही जास्त, म्हणून आम्लाने खच्चून भरलेली बार्बेरा त्याच टेकडीवर पिकूनही झगझगीत जांभळी दिसते. गंमत म्हणजे ती फारशी तुरट नसते. एकाच गावातल्या या दोन वाइन शेजारी ठेवल्या की रंग आणि तुरटपणा यांची खाती वेगळी आहेत हे लगेच कळतं.

तुरटपणाचं खातं टॅनिनचं. ही द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. नेब्बिओलोच्या सालीत आणि बियांत टॅनिन भरपूर असतात. आपल्या बाजारात बहुतेक बिनबियांचीच द्राक्षं मिळतात, पण कधी बी मिळाली तर चावून पाहा. लाल रंगाचा मागमूस नाही आणि तोंड मात्र वाकडं होतं.

दोन्ही खाती वेगळ्या वेळी उघडतात. रंग पाण्यात सुटतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच कमाल गाठतो आणि मग घटू लागतो. बियांतले टॅनिन सुटायला अल्कोहोल आणि वेळ दोन्ही लागतं. जुन्या पद्धतीच्या बारोलोत साली आणि बिया महिनाभर, कधी त्याहूनही जास्त, वाइनमध्ये बुडवून ठेवतात. तेवढ्या काळात रंग उतरत जातो, तुरटपणा चढत जातो. पुढे बाजारात येण्याआधी ३८ महिने थांबणं बंधनकारक, त्यातले १८ लाकडी पिंपात.

यावरून तिथे चांगलीच भांडणं झाली. १९८०च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी साली थोड्याच दिवसांत काढून टाकायला सुरुवात केली आणि हजारो लिटरच्या जुन्या पिंपांऐवजी २२५ लिटरची नवी फ्रेंच ओकची पिंपं आणली. ला मोर्रा गावातल्या एलियो अल्तारे यांनी १९८३मध्ये वडिलांची पिंपं यांत्रिक करवतीने कापली, ही गोष्ट तिथे अजून सांगतात. रसायनाच्या बाजूने पाहिलं तर छोट्या पिंपात वाइनच्या मानाने लाकडाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ऑक्सिजन थोडा जास्त झिरपतो. त्यातून थोडं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं आणि ते अँथोसायनिन आणि टॅनिन यांच्यात पूल बांधतं. रंग टिकतो. मला स्वतःला हा खटाटोप नेब्बिओलोला बार्बेरा बनवण्यासारखा वाटतो, पण रसायन पक्कं आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइनविक्रीला हिरवा कंदील दाखवला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे, ती हृदयाला चांगली’ असे संदेश फोनोफोनी फिरले. हृदयाचं श्रेय द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेस्वेराट्रॉल या द्रव्याला दिलं जातं, ते रेड वाइनमध्ये लिटरमागे काही मिलिग्रॅमच असतं. इथेनॉल लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि ते व्हिस्कीतल्यासारखंच इथेनॉल. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलंय. बारोलो प्यायची तर चवीसाठी प्यावी, औषध म्हणून नको.

रंगद्रव्य साठण्यासाठी रात्री गार लागतात, हे आपल्याकडे काळ्या जाती लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. रात्री उबदार राहिल्या की मणी गोड होतो पण रंग धरत नाही. नाशिकच्या वाइनच्या द्राक्षांत पाणी थंडीत उतरतं, म्हणून तिथे निभावतं. लांगेत ते ऑगस्टमध्ये, ऐन उन्हाळ्यात उतरतं. उन्हाळे तापत चाललेत तसा साखरेचा प्रश्न सुटत गेला, रंगाचा मात्र अवघड होत चालला आहे. अशा वेळी थोडी बार्बेरा मिसळण्याचा मोह कोणालाही होईल. प्रयोगशाळेत तो लपत नाही. माल्विडिन आणि पिओनिडिन यांचं प्रमाण मोजलं की जात कळते, त्यामुळे बारोलो फार गडद दिसली तर जाणकार खूश व्हायच्या आधी शंका घेतात.