खोडता न येणारी रेघ

शिसपेन्सिलीत शिसं नसतं, तरी नाव उगाच पडलेलं नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला बोरोडेलच्या डोंगरात ग्राफाइट सापडलं. शिशाच्या सळईने रेघा ओढायची पद्धत आधीपासून होतीच. हा दगड तिच्याहून काळी रेघ देई, म्हणून तो ‘काळं शिसं’ ठरला. तो कार्बन आहे हे कार्ल शेले यांनी १७७९मध्ये दाखवलं, पण तोवर नाव रुळून गेलं होतं.

चित्र काढण्याची हौस अर्थात फार जुनी. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत दगडाच्या एका कपचीवर लाल गेरूने ओढलेल्या आडव्यातिडव्या रेघा सुमारे ७३,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. फ्रान्समधल्या शोव्हे गुहेत तर घोड्यांच्या तोंडावर कोळसा पसरवून छटा दिलेली दिसते. कोळसा पुसता येतो, पसरवता येतो. चुकलं तर सावरून घेतो.

रेघ ओढायला वापरली जाणारी चांदीची तार मात्र सावरून घेत नाही. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४००च्या सुमारास नवशिक्यांसाठी तिची कृती लिहून ठेवली. कोंबडीची हाडं विस्तवात टाकून पांढरी करायची, त्यांची वस्त्रगाळ पूड थुंकीत कालवायची आणि लाकडाच्या छोट्या फळीवर तिचा हात द्यायचा. (हाडं जेवणाच्या मेजाखाली सापडतील, हेही तो सांगतो!) तो थर वाळला की त्यावर चांदीचं टोक घासलं जातं आणि बारीक करडी रेघ उमटते. काही काळाने ती तपकिरी होते. ती पुसायची तर खालचा थरच खरवडावा लागतो. अल्ब्रेख्त ड्यूररने १४८४मध्ये, तेराव्या वर्षी, आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं ते याच साधनाने. त्या वयात हात इतका ठाम कसा, हे कोडं मला तरी सुटलेलं नाही.

ग्राफाइट खोडता येई, सुरुवातीला पावाच्या चुऱ्याने. रबराने ते अधिक स्वच्छ खोडलं जातं, ही नोंद जोसेफ प्रीस्टली यांनी १७७०मध्ये केली. पुढे युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचं ग्राफाइट मिळेना. तेव्हा निकोला-जाक काँते यांनी ग्राफाइटची भुकटी चिकणमातीत मळून भट्टीत भाजली आणि १७९५मध्ये तिचं पेटंट घेतलं. माती जास्त तर कांडी कडक आणि रेघ फिकट. माती कमी तर मऊ आणि काळी. पेन्सिलीवरच्या ‘एच’ (कडक) आणि ‘बी’च्या (मऊ, काळी) मागे आजही हेच प्रमाण आहे.

म्हणून खोडरबराआधी सगळे जपूनच रेघ ओढत, असं मात्र नाही. लिओनार्दोने मांजर आणि बाळाची शाईने केलेली रेखाटनं पाहा: एकाच जागी तीन-चार वेगवेगळ्या पोझ, रेघांवर रेघा. खोडायची सोय नाही, तर चूक तशीच ठेवून पुढची रेघ ओढायची.

रेखाटन चित्रकारांपुरतं कधीच नव्हतं. गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलेला चंद्र शाईच्या छटांनी रंगवला. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या चेतापेशी हाताने काढत, आणि अनेकदा कित्येक काचपट्ट्यांवर पाहिलेलं एकाच चित्रात आणत. कॅमेऱ्याला हे जमणारं नव्हतं.

१९६३मध्ये आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत ‘स्केचपॅड’ हा चित्र काढायचा संगणक-प्रोग्राम बनवला. त्यात प्रकाशलेखणीने पडद्यावर अंदाजाने रेघा ओढायच्या आणि त्या समांतर हव्यात एवढं सांगायचं; जुळवून घ्यायचं काम संगणकाचं.