लेझर, उंदराचे केस आणि कुत्र्याचा सांधा

म्हाताऱ्या कुत्र्याच्या दुखऱ्या कमरेवर डॉक्टर लेझरची दांडी फिरवतात आणि काही मिनिटांत काम संपतं. बघणाऱ्यांपैकी काहींना वाटतं, लेझर म्हणजे आत काहीतरी जाळतायत. बाकीच्यांना हा नुसता दिव्याचा खेळ वाटतो.

या उपचाराचं मूळ बुडापेस्टचे डॉक्टर एंड्रे मेस्टर यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांत आहे. लेझरने कर्करोग होतो का, हे ते उंदरांवर तपासत होते. कर्करोग झाला नाही; उलट भादरलेल्या जागी केस लवकर उगवले! प्रकाशाने पेशींना चालना कशी मिळाली?

पेशीतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्यांत, अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात. या साखळीच्या टोकाला असतं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं प्रथिन. ते हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करतं आणि पाणी बनतं. याच साखळीत प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात आणि त्यांच्या परतीच्या ओघावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. टोकाच्या या ऑक्सिडेज प्रथिनात लोह आणि तांब्याचे अणू असल्याने ते तांबडा आणि त्यालगतचा अवरक्त प्रकाश शोषतं. दुखावलेल्या पेशीत नायट्रिक ऑक्साइड नेमका ऑक्सिजनच्या जागी ठाण मांडतो. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, त्याला तिथून हुसकावतो, एटीपीची निर्मिती पुन्हा वेग घेते आणि सुटलेला नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करतो, असं मानलं जातं. मांडणी मोठी देखणी आहे. पण हे प्रथिन नसलेल्या पेशींनीही प्रकाशाला प्रतिसाद दिल्याचे प्रयोग आहेत. तेव्हा गोष्ट इथे संपत नाही.

शिवाय प्रकाश सांध्यापर्यंत पोचायला हवा. साधारण ६०० नॅनोमीटरच्या खाली रक्तातलं हिमोग्लोबिन आणि कातडी-केसांतलं रंगद्रव्य मेलॅनिन तो गिळतात, ११०० च्या वर पाणी. मधल्या पट्ट्यातलाही बराचसा प्रकाश केसांत आणि कातडीत संपतो. काळ्याभोर कुत्र्याची कातडी तर तापतेही. मात्रा जूल प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये मोजतात. कमी पडली तर परिणाम शून्य, जास्त झाली तर फायदा घटतो, कधी उलटतो. त्यामुळे ‘आमचं यंत्र जास्त वॉटचं’ ही बढाई निरर्थक आहे. अर्ध्या वॉटच्या वरचे लेझर सुरक्षेच्या वर्गवारीत चौथ्या, सर्वांत धोकादायक वर्गात मोडतात. ते भाजू शकतात, डोळ्यांना इजा करू शकतात. चष्मा प्राण्यालाही हवा. ‘दुष्परिणाम नाहीत’ म्हणणाऱ्याला आधी चष्म्याचं विचारा. आणि ‘क्वांटम ऊर्जा’ हा शब्द कानावर आला की पाकीट सांभाळा.

‘मुक्या जनावराला प्लासिबो, म्हणजे नुसत्या विश्वासाने वाटणारा गुण, कसला?’ असंही म्हणतात. पण दुखणं कमी झालं का, हे प्रश्नावलीत मालक लिहितो आणि आशा त्याला असते. म्हणून कुत्र्याला दाबमापक पट्टीवरून चालवून कुठल्या पायावर किती भार पडतो ते मोजतात. संधिवातात काही चाचण्यांत फरक दिसला. जखमांबाबतचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. वजन आटोक्यात ठेवणं आणि डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक यांना लेझर पर्याय नाही, जोड आहे. अंगावर गाठ असेल, तर ती कशाची हे कळल्याशिवाय तिच्यावर लेझर मारू देऊ नका.