संकेतस्थळाची वाचनसुलभता

संकेतस्थळावरील किंवा ब्लॉगवरील मजकूर वाचकाला कमीत कमी श्रमांत वाचता, शोधता व समजून घेता यावा यासाठी केलेली अक्षररचना, पानाची मांडणी आणि तांत्रिक तजवीज यांचा समावेश वाचनसुलभतेत होतो. आकर्षकता हा तिचाच एक भाग मानावा की स्वतंत्र गुण, याविषयी मतभेद आहेत. मासाआकी कुरोसू व काओरी काशिमुरा यांनी १९९५ मध्ये एटीएमच्या पडद्यांच्या विविध मांडण्यांवर केलेल्या अभ्यासात देखणी मांडणी लोकांना वापरायलाही सोपी वाटत असल्याचे आढळले. मात्र सोपी वाटणे आणि सोपी असणे यांत अंतर आहे, हे त्याच अभ्यासातून सूचित होते.

आरंभीच्या वेबवर पानाचे दृश्य रूप बहुतांशी ब्राउझर ठरवीत असे. होकोन व्यूम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडलेल्या व डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या सीएसएस या शैलीभाषेने ते लेखकाच्या हाती आले, तरी वाचकाची पसंतीही तिच्यात विचारात घेतली जावी, असा मूळ प्रस्तावाचा आशय होता. पुढे व्यवहारात ही दुसरी बाजू बरीच मागे पडली. पडद्याच्या रुंदीनुसार बदलणाऱ्या मांडणीची संकल्पना वेबरचनाकार ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये सुस्पष्ट केली.

सर्वाधिक वाद ओळीच्या लांबीविषयी आहे. छापील पुस्तकांसाठी रोमन लिपीत ओळीला सुमारे ४५ ते ७५ अक्षरे योग्य मानण्याची परंपरा आहे. पडद्यावर मात्र मेरी डायसन व गॅरी किपिंग यांना (१९९८) सुमारे १०० अक्षरांची ओळ अधिक वेगाने वाचली जात असल्याचे दिसले, तर डायसन व मार्क हेझलग्रोव्ह यांच्या २००१ मधील प्रयोगात ५५ अक्षरांच्या ओळीने आकलन सर्वांत चांगले झाले. वेग व आकलन ही दोन भिन्न मापे असल्याने हे निष्कर्ष परस्परांना छेद देतातच असे नाही. दीर्घ गद्यासाठी आकलनाचे माप अधिक ग्राह्य धरणे सयुक्तिक वाटते. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत (डब्ल्यूसीएजी) पालनाच्या सर्वोच्च स्तरासाठी ओळीला ८० अक्षरांची, तर चिनी, जपानी व कोरियन लिप्यांसाठी ४० अक्षरांची मर्यादा दिली आहे.

देवनागरीला हे आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एकच जोडाक्षर दिसते, परंतु युनिकोडमध्ये त्यासाठी स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार असे सहा संकेत नोंदले जातात. त्यामुळे संगणकाने मोजलेली अक्षरसंख्या व वाचकाला जाणवणारी ओळीची लांबी यांचा मेळ बसत नाही. शिरोरेषेवरील मात्रा, रफार व अनुस्वार आणि खालचे उकार, ऋकार यांना दोन्ही बाजूंनी जागा लागत असल्यामुळे ओळींतील अंतरही रोमन मजकुरापेक्षा सैल ठेवावे लागते. ते न ठेवल्यास वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील वेलांटीला भिडतो. पानाच्या संकेतलेखनात भाषा मराठी असल्याचे नोंदविणेही महत्त्वाचे आहे, कारण काही टंक (फॉन्ट) या नोंदीनुसारच ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे दाखवितात, आणि दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखविणारे पडदावाचक सॉफ्टवेअर योग्य उच्चार निवडते.

इतर निकषांविषयी फारसा वाद नाही. सर्वसाधारण मजकूर व पार्श्वभूमी यांचा प्रकाशविरोध (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ असावा, आणि अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत मोठी केली तरी मजकूर तुटू नये, असे वरील तत्त्वे सांगतात. फिकट पार्श्वभूमीवरील फिकट करडी अक्षरे, कितीही नाजूक व सुबक भासली तरी, या कसोटीवर उतरत नाहीत. वाचक पान बहुधा आधी नजरेखालून घालतो, असे वेबच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांच्या १९९७ पासूनच्या निरीक्षणांतून पुढे आले. अर्थवाही उपशीर्षके व आटोपशीर परिच्छेद यांचा आग्रह त्यातूनच धरला जातो.

पान उघडण्याच्या वेगाबाबत गूगलच्या निकषांनुसार पानातील सर्वांत मोठा दृश्य घटक २.५ सेकंदांत दिसणे समाधानकारक मानले जाते. वाचन सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्या चित्रामुळे किंवा जाहिरातीमुळे मजकूर खाली सरकून वाचती ओळ हरवते. चित्राची रुंदी व उंची आधीच नमूद केल्यास ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो.